आईला नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये जाऊ द्यावं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळला की नाही हे तुम्हालाही पाहता येईल. आई ६४ वर्षांच्या. नऊ वर्षांपासून रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो संधिवात. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट हे त्यावरचं नेहमीचं औषध घेतात, त्याने फरक पडला, पण सकाळी आखडलेली बोटं तास-दीड तास सुटत नाहीत. विद्यापीठाच्या वैद्यकीय संशोधन विभागाला एका नव्या गोळीच्या ट्रायलसाठी, म्हणजे माणसांवरच्या चाचणीसाठी, स्वयंसेवक हवे आहेत. आईंनी नाव दिलंय आणि पुढच्या आठवड्यात तिकडून फोन येणार आहे. आई उत्साहात आहेत. धाकटा भाऊ म्हणतो, "तिला गिनीपिग करतील." आणि तुमची झोप उडालीय ती एका ओळीने: निम्म्या लोकांना औषध नसलेली गोळी देणार.

मी मूळची नर्स. गेली सतरा वर्षं स्टडी कोऑर्डिनेटर म्हणून काम करते. म्हणजे स्वयंसेवकांसोबत बसून कन्सेंट फॉर्म (संमतीपत्र) समजावणं, व्हिजिटच्या तारखा सांभाळणं, परत आलेल्या बाटलीतल्या गोळ्या मोजणं आणि रात्री बाराला "अंगावर पुरळ आलंय, काय करू?" असा फोन आला की तो उचलणं. यातल्या बऱ्याच ट्रायल्स सांध्यांच्या आजारांच्याच होत्या. मी डॉक्टर नाही, त्यामुळे 'जाऊ द्या' किंवा 'नको' असं मी सांगणार नाही, आणि आईंना न तपासता कुणी सांगितलं तर त्यावर विश्वासही ठेवू नका. आजार सध्या किती जोरात आहे, आजवर कोणती औषधं वापरून झाली, मूत्रपिंड आणि यकृत कसं आहे, पूर्वी कधी क्षयरोग झाला होता का, दर महिन्याला त्यांना तिथे घेऊन जाणारं कुणी आहे का, अशा बऱ्याच गोष्टींवर ते ठरतं. पण निर्णयापर्यंत कसं पोचायचं ते सांगू शकते.

तुम्ही धोक्याबद्दल विचारलंय. माझ्या अनुभवात त्याच्या आधीचा एक प्रश्न सुटलेला नसतो, आणि पुढचे सगळे गैरसमज तिथूनच निघतात. तो प्रश्न असा: आईंना तिथे काय मिळणार आहे असं वाटतंय? बहुतेकांना वाटतं, नवा उपचार मिळणार. पण ट्रायल ही कुणा एकाच्या उपचारासाठी रचलेली नसते. ती एका प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी रचलेली असते. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे आई गेल्या की डॉक्टर त्यांच्याकडे बघून डोस ठरवतात, पटलं नाही तर औषध बदलतात. ट्रायलमध्ये डोस आराखड्यात आधीच लिहिलेला असतो, कुणाला कोणती गोळी ते संगणक चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवतो, आणि तपासण्या ठरल्या दिवशी ठरल्या पद्धतीनेच होतात.

हे नुसतं वाचून पटत नाही, म्हणून पाहिलेलं सांगते. रूमॅटॉइड आर्थ्रायटिसची तीव्रता मोजायची एक जगभर चालणारी पद्धत आहे. तीत २८ सांधे दाबून बघतात: खांदे, कोपरं, मनगटं, गुडघे आणि हाताच्या बोटांचे सांधे. एका बाईंची तपासणी चालू होती. डॉक्टर एकेक सांधा अंगठ्याने दाबत होते, "इथे दुखतं?" विचारत होते आणि मी कागदावरच्या हाताच्या चित्रावर खुणा करत होते. अठ्ठावीसही झाले. बाईंनी आपसूक चप्पल काढली आणि पाय पुढे केला, कारण त्यांना सगळ्यात जास्त ठणकत होता तो घोटा. पण त्या अठ्ठावीसात घोटे नाहीत, पावलंही नाहीत. डॉक्टरांनी घोटा पाहिला, त्यांच्या फाइलमध्ये वेगळी नोंद केली, काय करायचं तेही सांगितलं. ट्रायलच्या आकड्यात मात्र तो घोटा आला नाही. (काही ट्रायल्समध्ये ६८ सांधे तपासतात, त्यात पाय येतात.) यात कुणी बाईंची उपेक्षा केली असं मुळीच नाही. सगळीकडे एकाच मापाने मोजलं तरच उत्तर विश्वासाचं निघतं. पण त्यांचं दुखणं आणि ट्रायलचा प्रश्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवशी त्यांना उमगलं. आईंना ते आधीच माहीत असलेलं बरं.

सुरुवातीच्या वर्षांत मीही इथेच चुकले. बारा-तेरा पानांचा फॉर्म मी भरभर वाचून दाखवायचे, समोरचा मान हलवायचा, सही व्हायची. एका गृहस्थांनी चार महिन्यांनी सहज बोलताना म्हटलं, "डॉक्टरांनी माझा रिपोर्ट बघून ही गोळी माझ्यासाठी निवडली ना, म्हणून मी नेमाने घेतो." मी गारच पडले. त्यांची सही माझ्यासमोर झाली होती. कुणाला कोणती गोळी हे चिठ्ठीने ठरतं, हे वाक्य मी त्यांना वाचून दाखवलं होतं, पण ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. या गैरसमजाचा अभ्यास १९८० च्या दशकापासून होतोय, चांगले शिकलेले लोकही त्यात सापडतात. त्या दिवसापासून मी "समजलं का?" विचारणं सोडलं. आता मी फॉर्म पालथा ठेवते आणि म्हणते, "घरी गेल्यावर मुलीला काय सांगाल, ते मला सांगा." हे तुम्ही घरीही करू शकता. आईंना बोलू द्या, मध्ये दुरुस्त करू नका. त्यांच्या तोंडून "मला नवं औषध मिळेलच असं नाही, आणि मिळालं तरी ते चालेलच असं नाही" एवढं आपणहून आलं, तर अर्धं काम झालं.

आता औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो. तुमची भीती अशी दिसते की निम्म्या लोकांचे उपचार बंद करून त्यांना नुसतं झुलवत ठेवणार. तसंच असतं तर मीही नको म्हटलं असतं. पण आईंच्या स्थितीतल्या रुग्णांसाठीची मांडणी सहसा वेगळी असते. मेथोट्रेक्सेट दोन्ही गटांत चालूच राहतं. एका गटाला त्याच्या जोडीला नवी गोळी, दुसऱ्याला त्याच्या जोडीला प्लासिबो. म्हणजे प्लासिबो गटात आई आल्या, तर औषधांच्या बाबतीत त्या आज जिथे आहेत तिथेच राहतील. हे 'सहसा' आहे, 'नेहमी' नाही, म्हणून फोनवर पहिला प्रश्न हा विचारा: "सध्याचं कोणतं औषध थांबवावं लागेल का?" काही ट्रायल्समध्ये आधीचं औषध काही आठवडे बंद ठेवून अंगातून पूर्ण निघू देतात आणि मग नवं सुरू करतात. त्या मधल्या आठवड्यांत सांधे भडकू शकतात. औषध बंद करावं लागत असेल तर किती आठवडे आणि त्या काळात दुखणं वाढलं तर काय देणार, हे स्पष्ट विचारा.

दुसरा प्रश्न तितकाच महत्त्वाचा: "फरक पडलाच नाही तर किती आठवड्यांनी दुसरं काही देता?" चांगल्या आराखड्यात तशी सोय लिहिलेली असते. ठरावीक आठवड्यांनंतरही सांध्यांची सूज उतरली नाही, तर त्या व्यक्तीला खऱ्या औषधाच्या गटात हलवतात किंवा दुसरं प्रस्थापित औषध देतात. अशी सोय नसेल आणि आईंचा आजार जोरात असेल, तर तिथे थांबून विचार करा, कारण रूमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये सांध्याची झीज एकदा झाली की ती भरून येत नाही. तिसरी गोष्ट, 'निम्म्या' हे तुम्ही ऐकलंय, पण दोघांना औषध आणि एकाला प्लासिबो असंही प्रमाण असतं. ते कागदावर लिहिलेलं असतं, बघून घ्या.

तरीही तुमच्या मनात येईल, प्लासिबो हवाच कशाला? नवी गोळी सगळ्यांना द्या आणि बघा कुणाला बरं वाटतं. यावर हृदयरोगाचं एक उदाहरण आम्हाला प्रशिक्षणात सांगतात. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांचे ठोके अनियमित होऊ नयेत म्हणून १९८० च्या दशकात एनकेनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं दिली जात होती. ठोके खरोखर सुधारत. कागदावरच्या रेषा बघून डॉक्टर आणि रुग्ण दोघेही समाधानी. मग प्लासिबोशी तुलना करणारी मोठी ट्रायल झाली, आणि १९८९ मध्ये त्या दोन औषधांचा भाग अर्ध्यावर थांबवावा लागला, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होत होते. तुलनेला गट नसता तर ते मृत्यू मूळ आजाराच्या खाती जमा झाले असते.

उलटही होतं, तेही पाहिलंय. एका बाईंच्या पहिल्या फॉर्मवरची सही इतकी वाकडी होती की आडनाव लागत नव्हतं. पेन बोटांत धरवत नव्हतं. ट्रायलमध्ये नवी माहिती आली की सुधारलेल्या फॉर्मवर पुन्हा सही घेतात, तशी त्यांची सहाव्या महिन्यात घेतली. स्वच्छ, सरळ, पूर्ण नाव. आम्ही सगळेच हरखलो. कोण कोणत्या गटात आहे हे ट्रायल चालू असताना आम्हालाही माहीत नव्हतं. ती संपून गट उघड झाले तेव्हा कळलं, त्या प्लासिबो गटात होत्या. हे कसं झालं? त्यांचं मेथोट्रेक्सेट चालू होतं, आणि ट्रायलमुळे ते पहिल्यांदाच एकही आठवडा न चुकता घेतलं जात होतं. शिवाय हा आजार मुळातच चढ-उताराचा, आणि माणसं नाव नोंदवतात ती सहसा दुखणं चढलेलं असताना. त्यांना बरं वाटलं ते खरंच होतं, त्यात खोटं काही नव्हतं. पण त्याचं श्रेय नव्या गोळीला दिलं असतं, तर पुढच्या हजारो रुग्णांची फसवणूक झाली असती.

भावाचं म्हणणं उडवून लावू नका. 'गिनीपिग' हा शब्द हवेतून आलेला नाही. अमेरिकेत टस्कीगी इथे सरकारच्याच आरोग्य खात्याने १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सिफिलिस हा लैंगिक संसर्गाचा आजार झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांचा 'अभ्यास' केला. त्यांना खरा आजार सांगितला नाही, आणि पेनिसिलिनने तो बरा होतो हे कळल्यावरही ते दिलं नाही. चांगल्या हेतूच्या कामातही उणीव होती. १९४८ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेली क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची ट्रायल आजच्या पद्धतीचा पाया मानली जाते. औषध मुळातच अपुरं होतं, म्हणून कुणाला द्यायचं हे नशिबावर सोपवलं: ५५ जणांना स्ट्रेप्टोमायसिन आणि पूर्ण विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटात चार मृत्यू झाले, दुसऱ्यात चौदा. औषधाचा गुण निर्विवाद सिद्ध झाला. पण त्या ५२ जणांना आपण एका अभ्यासाचा भाग आहोत हे शेवटपर्यंत सांगितलेलंच नव्हतं.

आज असं करता येत नाही. नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यातून आलेल्या १९४७ च्या न्यूरेम्बर्ग संहितेने स्वेच्छेने दिलेली संमती ही पहिली अट केली, १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्याने डॉक्टरांसाठी नियम घातले, आणि ते पुढे अनेकदा सुधारले गेले. प्रत्येक ट्रायलला सुरू होण्याआधी एथिक्स कमिटीची, म्हणजे सहभागींचे हक्क आणि सुरक्षितता बघणाऱ्या समितीची, मंजुरी लागते आणि त्या कमिटीचा ट्रायल चालवणाऱ्यांशी हितसंबंध नसावा लागतो. मोठ्या ट्रायल्समध्ये त्याशिवाय तज्ज्ञांचं एक स्वतंत्र मंडळ मधूनमधून आकडे उघडून बघतं, आणि एका गटाला इजा होताना दिसली किंवा फायदा अगदी स्पष्ट दिसला, तर ट्रायल थांबवायला सांगतं. भावाला सांगा, गिनीपिगला उठून जाता येत नाही, आईंना येतं. कोणत्याही दिवशी, कारण न देता, आणि त्यामुळे त्यांच्या नेहमीच्या उपचारात काही कमी केलं जाणार नाही. हे वाक्य कन्सेंट फॉर्ममध्ये असलंच पाहिजे. नसेल तर सही करू नका.

धोक्याचं म्हणाल, तर तो टप्प्यावर अवलंबून असतो. पहिल्या टप्प्यात औषध माणसाला पहिल्यांदाच देतात, बहुधा वीस ते शंभर जणांना, आणि बऱ्याचदा निरोगी लोकांना. बघायचं असतं ते सोसतं का एवढंच. दुसऱ्या टप्प्यात त्या आजाराचे साधारण शंभर ते काहीशे रुग्ण, उपयोग होतो का आणि डोस किती, यासाठी. तिसऱ्यात शेकडो ते हजारो, आणि तुलना चालू औषधाशी किंवा प्लासिबोशी. पहिल्या टप्प्यातली एक दुर्घटना सगळ्यांना धडा देऊन गेली. मार्च २००६ मध्ये लंडनमध्ये टीजीएन१४१२ हे औषध सहा निरोगी पुरुषांना काही मिनिटांच्या अंतराने एकापाठोपाठ दिलं. थोड्याच तासांत सहाही जण अत्यवस्थ झाले, अवयव निकामी होऊ लागले. सगळे वाचले, पण त्यानंतर नियम कडक झाले. आता अगदी नवं औषध आधी एकाला देतात, थांबून बघतात आणि मगच पुढे जातात. तुम्ही लिहिलंय त्यावरून आईंची ट्रायल दुसऱ्या किंवा तिसऱ्या टप्प्यातली वाटते, पण अंदाजावर जाऊ नका. "कितवा टप्पा, आणि आजवर किती लोकांनी ही गोळी घेतली आहे?" असं विचारा. आकडा सांगायला कुणी टाळाटाळ करू नये.

विद्यापीठाची ट्रायल म्हणजे अधिक सुरक्षित का? नुसत्या नावावरून नाही. कधी विद्यापीठ स्वतःच्या प्रश्नासाठी ट्रायल उभारतं, कधी औषध कंपनीची ट्रायल विद्यापीठात फक्त राबवली जाते. दोन्ही योग्य असू शकतात, पण पैसा कुणाचा आहे ते कळायला हवं, आणि ते माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. विद्यापीठांचं मोठं काम मला वेगळंच वाटतं: ज्या प्रश्नात कंपनीला रस नाही, तो हाती घेणं. कोविडच्या काळात ऑक्सफर्ड विद्यापीठाने मार्च २०२० मध्ये रिकव्हरी ही ट्रायल सुरू केली. जूनमध्येच उत्तर आलं की डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजन लागणाऱ्यांचे एक पंचमांशाने कमी होतात. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना काही फायदा दिसला नाही. जिच्यावर तेव्हा जगाची आशा होती, त्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियावरच्या जुन्या औषधाचा उपयोग नाही, हेही त्याच ट्रायलने दाखवलं. हजारो आजारी माणसांनी चिठ्ठीने ठरणाऱ्या गटात जायची तयारी दाखवली म्हणूनच इतक्या लवकर उत्तर मिळालं. हे आठवलं की मला या कामाचं मोल वाटतं.

ट्रायल खरी आहे का, हे घरबसल्या बघता येतं. माहितीपत्रकावर नोंदणी क्रमांक असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शोध-संकेतस्थळावर निरनिराळ्या देशांच्या नोंदी एकत्र मिळतात, तिथे तो क्रमांक टाका. २००५ पासून प्रमुख वैद्यकीय नियतकालिकं आधी नोंदणी न केलेल्या ट्रायलचा निकाल छापत नाहीत, त्यामुळे मनापासून काम करणारा गट नोंदणी टाळत नाही. ट्रायलची गोळी किंवा ट्रायलसाठीच्या तपासण्या यांचे पैसे मागितले, तर तो धोक्याचा इशारा समजा. उलट बाजूने, प्रवासखर्च आणि वेळेचा मोबदला मिळणं योग्यच आहे. पण त्या रकमेकडे बघून आई किंवा घरातलं कुणी 'हो' म्हणत असेल, तर थोडं थांबा.

पुढची गोष्ट फॉर्मच्या मागच्या पानांवर असते आणि तिथपर्यंत कुणी पोचत नाही. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचाराचा खर्च आणि भरपाई कोण देणार? आईंचं रक्त आणि जनुकीय नमुने किती वर्षं ठेवणार, दुसऱ्या संशोधनाला वापरणार का? बऱ्याच ठिकाणी नमुने साठवायला 'नाही' म्हणूनही मुख्य ट्रायलमध्ये राहता येतं, त्यासाठी वेगळी चौकट असते. आणि सगळ्यात मन दुखावणारा मुद्दा: ट्रायल संपल्यावर काय? गोळीने आईंची बोटं मोकळी झाली आणि वर्षभराने ती गोळी बंद झाली, तर? काही ट्रायल्समध्ये पुढे औषध चालू ठेवायची सोय असते, काहींत नसते. शेवटच्या व्हिजिटला रिकामी बाटली हातात धरून "आता पुढची कधी?" असं विचारणारी माणसं मी पाहिली आहेत. हे उत्तर पहिल्याच दिवशी मागा.

रोजचा त्रासही मोजा. आधी सही, मग तपासण्या, आणि तपासण्यांत नाव गळू शकतं. आईंसारख्या उत्साहाने आलेल्यांना ते नापास झाल्यासारखं लागतं, म्हणून आधीच सांगून ठेवा. प्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्या औषधांच्या ट्रायलमध्ये छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयरोगाची चाचणी ठरलेलीच. वेदनाशामक मनाने वाढवता येत नाही, सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन विचारल्याशिवाय घेता येत नाही, घरगुती काढे आणि जडीबुटीसुद्धा सांगाव्या लागतात. नेहमीच्या डॉक्टरांना सगळं माहीत असू द्या. ट्रायलचं कार्ड आईंच्या पर्समध्ये कायम असावं. त्यावरच्या नंबरवर चोवीस तास कुणीतरी असतं, आणि जिवावर बेतलं तर त्या कोणती गोळी घेत होत्या ते तातडीने उघड करता येतं.

आणि हे आईंना नक्की सांगा: आम्हाला खूश करायला काही करू नका. एक आजोबा दर महिन्याला बाटली परत द्यायचे, मी ट्रेवर गोळ्या ओतून दोन-दोन सरकवत मोजायचे, हिशोब बिनचूक जुळायचा. तिसऱ्या महिन्यात रक्तात औषधाचा मागमूसही लागला नाही. पुढच्या व्हिजिटला मी खुर्ची त्यांच्या बाजूला ओढून बसले आणि विचारलं. बराच वेळ ते हातातल्या काठीची मूठ फिरवत राहिले. मग म्हणाले, "पोटात मळमळायचं. पण तुम्ही एवढं प्रेमाने विचारता, गोळ्या उरल्या तर तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून मोजून टाकून द्यायचो." त्यांची मळमळ हीच तर आम्हाला हवी असलेली माहिती होती. त्यांनी सांगितलं असतं तर गोळी जेवणानंतर घ्यायला सांगता आलं असतं, नाहीतर थांबवता आली असती. खोट्या हिशोबाने त्यांचा त्रास आमच्या नोंदीत आलाच नाही, आणि तसा त्रास होणाऱ्या पुढच्या माणसालाही कुणी सावध केलं नसतं. चुकलेली गोळी, उरलेली गोळी, बिघडलेलं पोट, सगळं सांगायचं. बाहेर पडायचं ठरवलं तरी गुपचूप येणं थांबवू नका. एक शेवटची व्हिजिट करा, कारण काही औषधं एकदम बंद करणं धोक्याचं असतं. तोवर जमलेली माहिती सहसा ट्रायलमध्ये राहते, नवी घेत नाहीत.

मी तुमच्या जागी असते तर फोन आला की एवढंच म्हटलं असतं: "माहितीपत्रक आणि कन्सेंट फॉर्म आधी घरी पाठवा, वाचून कळवतो." चांगली माणसं लगेच पाठवतात. कुणी म्हणालं "जागा भरत आल्या आहेत, आजच येऊन सही करा," तर त्या ट्रायलचा विचार सोडून द्या. कागद आले की दोन दिवस आईंकडेच राहू द्या, भावालाही वाचायला द्या, शंका पेन्सिलने बाजूला लिहा. मग आईंना एक प्रश्न विचारा आणि उत्तराची घाई करू नका: "समजा वर्षभर गेलीस, दर महिन्याला रक्त दिलंस, आणि शेवटी कळलं की तुला नुसती कोरी गोळी होती, तर तुला कसं वाटेल?" काही जण म्हणतात, "मग माझा वेळ फुकट गेला." त्यांनी जाऊ नये, आणि त्यात काहीही कमीपणा नाही. काही जण म्हणतात, "चालेल, कुणाला तरी उपयोग होईल." आई असं म्हणाल्या, आणि औषध थांबवण्याबद्दल व फरक न पडल्यास काय याबद्दल समाधानकारक उत्तरं मिळाली, तर पहिल्या व्हिजिटला तुम्ही सोबत जा. पेन्सिलने खुणा केलेला फॉर्म घेऊन जा आणि प्रत्येक खुणेचं उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका. माझ्यासमोर असा फॉर्म घेऊन कुणी बसलं की मला बरं वाटतं. माहितीपत्रक हाती आल्यावर एखादा मुद्दा अडला, तर नाव-गाव झाकून तेवढा परिच्छेद इथे लिहा, त्याचा अर्थ मी सांगेन.